सर्व्हरचे बारसे

दसऱ्याच्या सकाळी अंधेरी पूर्वेला मरोळच्या औद्योगिक वसाहतीतून चालत गेले, की लेथला, ड्रिलला, वजनकाट्याला आणि फाटकातल्या टेम्पोला झेंडूच्या माळा चढलेल्या दिसतात. गाळ्यात शिरले तर तशीच एक माळ ऑफिसच्या कोपऱ्यातल्या सीपीयूलाही असते. टेबलाखाली दोन विटांवर ठेवलेला, कारण पावसाळ्यात फरशीवर पाणी येते. शेजारी यूपीएस, वर धूळ बसलेला आठ पोर्टांचा स्विच, आणि पुढच्या बाजूला सेलोटेपने चिकटवलेला कागद: ‘सर्व्हर. बंद करू नये.’ त्या कागदावर हळदकुंकवाची बोटे उमटलेली.

या डब्यात धंद्याचे सगळे असते. टॅलीतली उधारी, जीएसटीची विवरणे, पगारपत्रके, ड्रॉइंगे, दहा वर्षांची कोटेशने. त्याची किंमत मालकाला पुरती ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की हा सर्व्हर ज्या नेटवर्कचा कारभार पाहतो त्याचे नाव काय आणि ते कुणी ठेवले.

ते ठेवले गेले मशीन बसवायच्या दिवशी, दुपारच्या चहाच्या वेळी. हार्डवेअरवाल्याचा मुलगा स्क्रीनपुढे बसला होता आणि विंडोजने डोमेनच्या नावाचा रिकामा रकाना पुढे केला होता.

‘‘शेठ, डोमेनला काय नाव देऊ?’’

‘‘कंपनीचंच टाक की.’’

मुलाने कंपनीचे नाव टाकले, पुढे टिंब दिले आणि ‘लोकल’ लिहिले. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. पाच मिनिटांत बारसे उरकले. पुढे सर्व्हरचा डबा बदलतो, विंडोज बदलते, तो मुलगा दुसरीकडे नोकरीला लागतो. पाळण्यातले नाव मात्र पंधरा-वीस वर्षे तसेच राहते. प्रत्येक पीसी, प्रत्येकाचे लॉगिन आणि प्रत्येक शेअर केलेले फोल्डर त्या नावाला बांधलेले असते. म्हणून नंतर ते बदलायला सहसा कुणी धजावत नाही.

इथे ‘डोमेन’ म्हणजे वेबसाइटचा पत्ता नव्हे. विंडोज २००० सर्व्हरबरोबर मायक्रोसॉफ्टने ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ नावाची व्यवस्था आणली. ऑफिसातल्या सगळ्या माणसांची आणि यंत्रांची एकच वही, एकच पासवर्ड, आणि कुणाला काय उघडता येईल याचा निर्णय एकाच ठिकाणी. ही वही ज्या सर्व्हरवर असते तो डोमेन कंट्रोलर. त्या वहीवर नाव लागते, आणि ते नाव इंटरनेटवरच्या नावांच्याच पद्धतीने, टिंबे देऊन लिहिले जाते. घोळ इथूनच सुरू होतो.

मुंबईच्या उपनगरांत ‘साईकृपा’ नावाच्या इमारती किती असतील याची मोजदाद कोण करणार? बोरिवलीत सापडेल, मुलुंडला सापडेल, घाटकोपरला तर एकाच रस्त्यावर दोन सापडतील. आवारातल्या आवारात ‘साईकृपाची बी विंग’ एवढे सांगितले की वॉचमनला कळते. तोच पत्ता पिनकोडशिवाय पाकिटावर लिहिला तर पाकीट कुठल्याही साईकृपात जाईल. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कचे नावही असेच असते. आत काहीही चालते. अडचण येते ती लॅपटॉप फाटकाबाहेर पडल्यावर.

ही अडचण केवढी मोठी होऊ शकते ते ‘कॉर्प डॉट कॉम’च्या गोष्टीतून कळते. अमेरिकेतल्या माइक ओ’कॉनर नावाच्या गृहस्थाने हे नाव १९९४ मध्ये नोंदवले. पुढे विंडोजच्या डोमेनसाठी असंख्य कंपन्यांनी ‘कॉर्प’ हेच आतले नाव घेतले, कारण सुरुवातीच्या काळात मायक्रोसॉफ्टच्या मांडणीतच ते सुचवलेले होते. ऑफिसात बसलेला लॅपटॉप ‘कॉर्प’ विचारी आणि ऑफिसचा सर्व्हर उत्तर देई. तोच लॅपटॉप स्टेशनबाहेरच्या कॉफीच्या दुकानात उघडला, की तिथे उत्तर द्यायला ऑफिसचा सर्व्हर नसे. मग विंडोज नावापुढे शेपूट जोडून बाहेरच्या इंटरनेटला विचारून पाही, आणि हाक जाऊन पोचे ओ’कॉनरच्या दारात. २०१९ मध्ये जेफ श्मिट या संशोधकाने तिकडे येणाऱ्या हाका मोजल्या. पावणेचार लाखांहून अधिक विंडोज मशीन त्या अनोळखी दारावर आपली गुपिते घेऊन येत होती. टपाल स्वीकारायची चाचणी चालू केली, तर तासाभरात १ कोटी २० लाखांहून अधिक ई-मेल येऊन पडली आणि चाचणी थांबवावी लागली. २०२० च्या सुरुवातीला ओ’कॉनरने १७ लाख डॉलर किंमत सांगून नाव विकायला काढले. ते चोरांच्या हाती पडू नये म्हणून त्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनेच विकत घेतले.

‘लोकल’ची कथा थोडी वेगळी आहे. हे शेपूट इंटरनेटवर कुणालाच मिळत नाही, म्हणून ते सुरक्षित असा सर्वांचा समज होता. मायक्रोसॉफ्टचा ‘स्मॉल बिझनेस सर्व्हर’ तर ते आपणहून पुढे करी. हार्डवेअरवाल्याच्या मुलाने मनाने काही केले नव्हते. पण तिकडे अ‍ॅपलने हेच शेपूट वेगळ्या कामासाठी घेतले. प्रिंटर, स्पीकर, टीव्ही यांनी सर्व्हरशिवाय एकमेकांना शोधावे यासाठीची ती पद्धत. तिच्यात कारभाऱ्याला जाऊन विचारायचे नसते. गल्लीत उभे राहून मोठ्याने हाक मारायची आणि ज्याचे नाव असेल त्याने ‘ओ’ द्यायची. फेब्रुवारी २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ या इंटरनेटच्या नियमपत्राने ‘डॉट लोकल’ या हाकेसाठीच राखून ठेवले.

याचा परिणाम ओशिवरा, आरामनगर आणि वीरा देसाई रोडच्या पट्ट्यात समजायला सोपा आहे. तिथे टीव्ही आणि सिनेमाचे एडिटिंग चालते. एकाच छपराखाली हिशेबनिसाचा विंडोज पीसी असतो आणि एडिटरचा मॅक. मॅकने ‘अमुक डॉट लोकल’ हे नाव पाहिले की तो सर्व्हरला विचारण्याऐवजी गल्लीत हाक मारतो आणि उत्तराची वाट पाहत बसतो. सर्व्हर ढिम्म, कारण त्याला कुणी विचारलेलेच नसते. लॉगिनला मिनिट-मिनिट लागते, फोल्डर कधी उघडते, कधी नाही. मग केबल बदलली जाते, स्विच बदलला जातो, कुणीतरी मॅकला दोष देते. नावाकडे बोट जातच नाही.

नावांच्या कारभाराशी या उपनगरांचे नाते जुने आहे. जुहूला गुलमोहर क्रॉस रोड नंबर ९ वर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही सरकारी संस्था होती. लोक तिला एनसीएसटी म्हणत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटातून ती १९८५ मध्ये उभी राहिली आणि श्रीनिवासन रामाणी तिचे संचालक होते. पवईची आयआयटी आणि जुहूची ही संस्था यांच्यात १९८६-८७ च्या सुमारास फोनच्या डायल-अपवरून ई-मेलची ये-जा सुरू झाली. ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्याचे ते पहिले धागे. सर्वसामान्यांना व्हीएसएनएलचे इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ ला, म्हणजे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ८ मे १९८९ ला जगाच्या नावांच्या मुळाशी ‘डॉट इन’ हे भारताचे नाव नोंदले गेले, आणि त्याची नोंदवही याच जुहूच्या संस्थेकडे होती. पुढे ही संस्था सी-डॅक या दुसऱ्या सरकारी संस्थेत विलीन झाली आणि वही ‘निक्सी’ या संस्थेकडे गेली.

त्या काळात ‘डॉट इन’खालचे नाव मिळवणे सोपे नव्हते. नियम कडक होते आणि छोट्या गाळेवाल्याला ती दगदग परवडणारी नव्हती. २००५ च्या सुरुवातीला दारे उघडली आणि कुणालाही नाव घेता येऊ लागले. २००५ च्या आधी ज्यांनी सर्व्हर बसवले त्यांनी ‘लोकल’ घेतले यात त्यांचा दोष नाही. तेव्हा स्वतःचे ‘डॉट इन’ नाव घेणे खरोखरच जड होते. आता ती सबब उरलेली नाही. वर्षाच्या काठी एका घरच्या महिन्याच्या दूधबिलापेक्षाही कमी पैशांत ‘डॉट इन’ मिळते.

म्हणूनच जाणकारांचे आजचे सांगणे साधे आहे: आतले नाव आपल्या मालकीच्या नावाखाली ठेवा. कंपनीची वेबसाइट ‘अमुक डॉट इन’ असेल, तर आतल्या नेटवर्कला ‘ऑफिस डॉट अमुक डॉट इन’ म्हणा. साईकृपाला पिनकोड मिळाल्यासारखे ते होते. लॅपटॉप पवईत उघडा नाहीतर पॅरिसमध्ये, त्याची हाक परक्याच्या दारात जाणार नाही.

पण आतल्या डोमेनला थेट ‘अमुक डॉट इन’ हेच नाव देऊ नये. हा अगदी नेहमीचा घोटाळा आहे. तसे केले की ऑफिसचा सर्व्हर म्हणतो, ‘अमुक डॉट इन म्हणजे मीच.’ मग जगभर कंपनीची वेबसाइट दिसते आणि ऑफिसात बसलेल्यांना मात्र ती उघडत नाही. ग्राहक फोनवर किमती वाचून दाखवतो आणि इकडचा सेल्समन मोबाइलचे इंटरनेट चालू करून आपल्याच कंपनीचे पान शोधतो.

ज्यांना स्वतःचे नाव घ्यायचेच नाही, त्यांच्यासाठी आता एक राखीव शेपूट आहे. आयकॅन या जगाच्या नावांच्या संस्थेने २९ जुलै २०२४ ला ‘डॉट इंटर्नल’ हे केवळ आतल्या वापरासाठी कायमचे राखून ठेवले. बाहेर ते कुणालाही विकले जाणार नाही. घरगुती जाळ्यांसाठी २०१८ पासून ‘होम डॉट आर्पा’ आहे. ‘होम’, ‘कॉर्प’ आणि ‘मेल’ ही तीन शेपटे न विकण्याचा निर्णय आयकॅनने फेब्रुवारी २०१८ मध्ये घेतला, कारण जगभरची ऑफिसे ती आधीपासून आत वापरत होती. आपल्याकडे सर्रास दिसणारे ‘डॉट लॅन’ मात्र कुणी अधिकृतपणे राखून ठेवलेले नाही.

आज कुणी विकत नाही म्हणून उद्या विकणार नाही असे धरून चालणाऱ्यांना ‘डॉट डेव्ह’ने चांगलाच धडा दिला. प्रोग्रामर मंडळी आपल्या मशीनवर चाचणीसाठी हे शेपूट बिनदिक्कत वापरत. गूगलने ते विकत घेतले, आणि डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या क्रोम ६३ ने त्यावरची प्रत्येक भेट कुलूपबंद जोडणीवरच व्हावी अशी सक्ती केली. एका सकाळी असंख्य चाचणी-साइटी उघडेनात.

स्वतःच्या नावाचा खरा फायदा या कुलपापाशी आहे. पूर्वी ‘सर्व्हर डॉट लोकल’ अशा आतल्या नावासाठीही विकतचे प्रमाणपत्र मिळत असे. ती प्रमाणपत्रे १ नोव्हेंबर २०१५ नंतर चालणार नाहीत असे ठरले, कारण तेच नाव हजार ऑफिसांत असेल तर ते नक्की कुणाचे हे कोण सांगणार? तेव्हापासून आतल्या हजेरीच्या किंवा बिलिंगच्या पानावर ब्राउझर लाल इशारा दाखवतो आणि माणसे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’वर जाऊन ‘तरीही पुढे जा’ दाबतात. रोज दहादा दाबतात. ज्या दिवशी बँकेच्या खोट्या पानावर तोच लाल इशारा येतो, त्या दिवशीही बोट सवयीने तिथेच जाते. स्वतःच्या नावाखालच्या सर्व्हरला ‘लेट्स एन्क्रिप्ट’चे प्रमाणपत्र फुकट मिळते, आणि त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवर उघडा टाकावाही लागत नाही, नावाच्या वहीत एक ओळ लिहून मालकी सिद्ध करता येते. एक जपायचे. दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद जाहीर वहीत राहते, म्हणून सर्व्हरला ‘टॅली-बॅकअप’ असे नाव देऊन चोराला दार दाखवू नये.

मग यंत्रांना नावे कोणती द्यावीत? डॉन लिब्स यांनी ऑगस्ट १९९० मध्ये, आरएफसी ११७८ मध्ये, नेमक्या याच प्रश्नावर लिहून ठेवले आहे. माणसाचे नाव देऊ नका, कामाचे देऊ नका, कारण माणूस जातो आणि काम बदलते. एखाद्या कुळातली सुटसुटीत नावे घ्या. मराठी ऑफिसात हे कुळ बहुतेकदा किल्ल्यांचे असते: रायगड, शिवनेरी, तोरणा. पण रोमन लिपीत ‘गड’ कुणी कसा लिहितो आणि कुणी कसा, त्यामुळे ‘प्रतापगड’पेक्षा ‘तोरणा’ बरा. विंडोजच्या जुन्या पद्धतीत नाव १५ अक्षरांपुढे जात नाही, हेही लक्षात ठेवावे. देवनागरीत ‘डॉट भारत’ २७ ऑगस्ट २०१४ पासून मिळते आणि वेबसाइटसाठी ते जरूर घ्यावे; आतल्या यंत्रांना मात्र साधी रोमन अक्षरेच बरी. जुनी सॉफ्टवेअरे देवनागरी नावापाशी अडखळतात.

आणि नाव घ्यायचे ते मालकाच्या नावे घ्यायचे. ही गोष्ट तांत्रिक वाटत नाही म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते, आणि उपनगरांतल्या छोट्या धंद्यांत सगळ्यात जास्त मनस्ताप तीच देते. वेबसाइट करून देणाऱ्याने नाव स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ई-मेलवर आणि स्वतःच्या मोबाइलच्या ओटीपीवर घेतलेले असते. पाच वर्षांनी त्याच्याशी बिनसते किंवा त्याचा नंबर लागत नाही. नूतनीकरणाची आठवण भलत्याच पेटीत जाऊन पडते. आतले नेटवर्कही त्याच नावाखाली असेल, तर मुदत संपल्यावर ते नाव उचलणारा अनोळखी माणूस कंपनीच्या प्रत्येक लॅपटॉपच्या हाकेला ‘ओ’ देऊ शकतो. दुधाचा आणि गॅसचा हिशेब जसा कालनिर्णयवर असतो, तशी नूतनीकरणाची तारीख तिथे लिहिलेली असावी.

नावाचे झाले; आता त्या नावाखालच्या नेटवर्कची राखण. अंधेरी पूर्वेलाच महाकाली गुंफा रस्त्यावर ‘उद्योग सारथी’ ही इमारत आहे: महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे, म्हणजे एमआयडीसीचे मुख्यालय. राज्यभरच्या औद्योगिक वसाहतींचे भूखंड, परवानग्या आणि पाणीपट्टी यांचा कारभार इथून चालतो. २१ मार्च २०२१, रविवार. पहाटे अडीचच्या सुमारास तिथल्या यंत्रणेने आपणहून इशारे पाठवायला सुरुवात केली: अ‍ॅप्लिकेशने बंद पडली आहेत. दिवसभरात उलगडा झाला. ‘सिनॅक’ नावाच्या रॅन्समवेअरने सर्व्हरवरचा डेटा कुलूपबंद केला होता आणि वेगवेगळ्या कार्यालयांतल्या काही पीसींतही ते शिरले होते. मुख्यालय आणि १६ प्रादेशिक कार्यालयांचे काम अडले. ५०० कोटींच्या खंडणीच्या बातम्या आल्या. महामंडळाने मात्र स्पष्ट केले की चिठ्ठीत रक्कम लिहिलेली नव्हती.

त्याच निवेदनात एक ओळ होती आणि छोट्या धंदेवाल्याने ती कापून ठेवावी अशी आहे. बॅकअपच्या फाइली क्लाउडवर, नेटवर्कच्या वेगळ्या भागात होत्या, आणि त्यांना लागण झाली नव्हती.

वेगळा भाग म्हणजे काय? गाळ्यात सहसा सगळे एकाच स्विचवर असते: सर्व्हर, हिशेबनिसाचा पीसी, प्रिंटर, बोटाच्या ठशाचे हजेरी मशीन, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि चहा पीत बसलेल्या पाहुण्याचा मोबाइल. पाचशे-हजाराच्या स्विचवर सगळे एकाच ओसरीत बसलेले. यातला सर्वांत कच्चा गडी डीव्हीआर. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या किड्याने जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर काबीज केले. त्याच्याजवळ होती फक्त कारखान्यातून आलेल्या साठेक पासवर्डांची यादी. २१ ऑक्टोबर २०१६ ला त्या फौजेने ‘डिन’ या नावांचा कारभार पाहणाऱ्या अमेरिकन कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटरपासून नेटफ्लिक्सपर्यंत नामांकित साइटी तासन्‌तास उघडेनात. सीसीटीव्ही बसवणारा माणूस पासवर्ड ‘अ‍ॅडमिन’ ठेवून गेला असेल, तर अशा फौजेतला एक शिपाई आपल्याच माळ्यावर बसलेला असू शकतो.

थोडा चांगला, ‘मॅनेज्ड’ म्हणतात तसा स्विच घेतला की एकाच डब्यात वेगवेगळ्या खोल्या पाडता येतात. त्यांना व्हीलॅन म्हणतात. सर्व्हर एका खोलीत, माणसांचे पीसी दुसऱ्या, कॅमेरे तिसऱ्या आणि पाहुण्यांचे वायफाय चौथ्या. खोल्यांमधल्या दारावर फायरवॉल. कॅमेऱ्याला टॅलीचे फोल्डर दिसण्याचे काहीच कारण नसते.

खोल्या पाडताना पत्तेही बदलून घ्यावेत. फेब्रुवारी १९९६ च्या आरएफसी १९१८ ने आतल्या वापरासाठी तीन पट्टे राखून दिले. त्यातल्या १० ने सुरू होणाऱ्या एकाच पट्ट्यात १ कोटी ६७ लाख पत्ते आहेत. तरीही ज्याला त्याला राउटरबरोबर आलेला १९२.१६८.१ च हवा असतो. बोरिवलीचे ऑफिस त्यावर, मुलुंडचे गोदाम त्यावर, मालकाचे घरचे वायफायही त्यावर. ज्या दिवशी दोन ठिकाणे व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटमधून काढलेल्या खाजगी बोगद्याने, जोडायची ठरतात त्या दिवशी दोन्हीकडे तोच पत्ता निघतो आणि कुठले पाकीट कुठे द्यायचे हे राउटरला कळत नाही. बोरिवलीला १०.२०.१ आणि मुलुंडला १०.३०.१ एवढे पहिल्या दिवशी ठरवले असते, तर दोन दिवसांचे काम वाचले असते.

व्हीपीएनचा विषय २०२० च्या टाळेबंदीत प्रत्येक गाळ्यापर्यंत पोचला. हिशेबनीस नालासोपाऱ्याला, सर्व्हर अंधेरीला, लोकल बंद. घाईत राउटरवर ३३८९ हे रिमोट डेस्कटॉपचे दार थेट इंटरनेटला उघडून दिले गेले. त्या वेळी दुसरा मार्ग सुचला नाही हे समजू शकते. पण आजही ते उघडे असेल, तर या क्षणी कुठले तरी यंत्र तिथे पासवर्ड लावून बघत आहे. दाराचा नंबर बदलून काही होत नाही. चोर एकेक दार ठोठावत जात नाही, सगळी एकदम ठोठावतो. वायरगार्डसारखे फुकट व्हीपीएन घालून दार आतून बंद करणे, हे एका अनुभवी माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

आणि वहीची नक्कल. डोमेनची वही हरवली तर काय होते हे मुंबईच्या खाडीपलीकडे दिसले. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ने जगभर थैमान घातले आणि न्हावाशेवा बंदरातल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज थांबले. ते मर्स्क या डॅनिश कंपनीच्या गटातले. कुठला कंटेनर कुठे ठेवला हे संगणकाला ठाऊक, आणि संगणक काळा पडलेला. मर्स्कचे जगभर दीडशेच्या आसपास डोमेन कंट्रोलर होते आणि ते एकमेकांशी सतत वही जुळवत. एक गेला तर बाकीचे आहेत, या भरवशावर वहीची स्वतंत्र नक्कल ठेवलेली नव्हती. सगळे एकदम गेले. वाचला तो फक्त घानातला एक, कारण हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती. घानातून ती वही इंटरनेटवरून पाठवायला फार दिवस लागले असते, म्हणून एक कर्मचारी हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला आणि तिथल्या विमानतळावर ती लंडनला निघालेल्या दुसऱ्याच्या हाती दिली. त्या एका डिस्कवरच्या वहीच्या आधाराने ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा उभे राहिले. तोटा झाला २५ ते ३० कोटी डॉलरचा.

ज्या भोकातून हा किडा पसरला त्यातल्या एकावर मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ ला, तीन महिने आधी, ठिगळ दिलेले होते. पण ठिगळ लावलेली मशीनेही पडली, कारण किडा एका मशीनच्या मेमरीतून अ‍ॅडमिनचा पासवर्ड उचलून पुढच्या मशीनमध्ये मालकासारखा शिरत होता. गाळ्यातला हिशेबनीस रोज ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून लॉगिन करतो. ते बंद करणे फुकट आहे. रोजच्या कामाला साधे खाते, आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड पाकिटात सील करून तिजोरीत.

नक्कल वेगळ्या ठिकाणी असावी हे मुंबईला निराळे सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठीकाठच्या कुर्ला-साकीनाक्याच्या तळमजल्यांवर छातीइतके पाणी होते. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात असेल तर ती बॅकअप नव्हे. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि एक दुसऱ्या पत्त्यावर, हा जुना हिशेब अजून मोडीत निघालेला नाही. मालक ती डिस्क बॅगेत टाकून बोरिवली लोकलने घरी नेणार असेल, तर आधी तिच्यावर कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन हवे. आणि महिन्यातून एकदा त्या डिस्कवरून एक फाइल परत आणून उघडून पाहायला हवी.

सरकारचा नियमही आता छोट्यांपर्यंत पोचला आहे. सायबर सुरक्षा पाहणाऱ्या ‘सर्ट-इन’ या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचा, १८० दिवसांचे लॉग जपायचे आणि यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय वेळेशी जुळवायची. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पासून ते लागू झाले. घड्याळाचे कलम अनेकांना किरकोळ वाटले. पण डोमेनमध्ये पीसी आणि सर्व्हर यांच्या घड्याळांत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की विंडोज लॉगिनच नाकारते, आणि हल्ल्यानंतर कोण आधी आले, कोण नंतर, हे शोधायला ताळ्यावरचे घड्याळ लागतेच.

मग जुने नाव बदलायचे कधी? घाटकोपर-मुलुंडकडच्या गुजराती पेढ्या आणि त्यांच्याशी व्यवहार करणारे गाळे लक्ष्मीपूजनाला वह्यांची पूजा करून बंद होतात, ते लाभपंचमीला उघडतात. वर्षात सर्व्हरला एवढी निवांत सुटी दुसरी मिळत नाही. पाडव्याला पूर्ण बॅकअप, आणि तो उघडतो का ते पाहणे. भाऊबीजेपर्यंत जुन्याशेजारी नव्या नावाचा सर्व्हर उभा करून त्यावर माणसांची खाती. मग एकेक पीसी जुन्या डोमेनमधून काढून नव्यात. पीसी नव्या नावाखाली आला की माणसाला कोरा डेस्कटॉप दिसतो; नातवंडाचा वॉलपेपर गेलेला, आउटलुक रिकामे. काही हरवलेले नसते, जुन्या खोलीतले सामान नव्या खोलीत आणायचे असते. पण हे आधी सांगून ठेवले नाही, तर पहिल्या सकाळी ऑफिसात हाहाकार उडतो. जुना सर्व्हर महिनाभर तसाच चालू ठेवायचा. कुठले तरी प्रिंटर, कुठले तरी हजेरी मशीन जुन्या नावाने हाक मारत राहतेच.

लाभपंचमीच्या सकाळी शटर वर जाते. उंबऱ्यावर रांगोळी, बाहेर फटाक्यांचे कागद. हिशेबनीस चप्पल बाहेर काढून येतो, पीसी चालू करतो. लॉगिनच्या रकान्यात कंपनीचे नाव आहे, पण ‘लोकल’ गेले आहे. त्या जागी ‘डॉट इन’, आणि कंपनीच्या नावाआधी ‘ऑफिस’. तो नवा पासवर्ड जपून, एकेक अक्षर बघत टाकतो. फोल्डर उघडतात. शेजारच्या कोऱ्या लाल चोपडीत पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ काढलेला आहे, त्याखाली सव्वाचा आकडा. तो टॅली उघडतो आणि नव्या वर्षाचे पहिले बिल करायला घेतो.